ओढ्याअलीकडचा नाका

माझं लग्न झालं तेव्हा माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक ओढा होता, बाकी काही नव्हतं. ओढ्यापलीकडे इंग्रजांचा मुलूख, बार्शीकडचा. अलीकडे निजामाचा. वर्षातले आठ महिने ओढा कोरडा असायचा आणि शेळ्या दोन्ही मुलखांत चरून संध्याकाळी आपापल्या घरी जायच्या.

आमचे हे मूळचे रेणापूरचे. उर्दूतून शिकलेले, अक्षर मोत्यासारखं, म्हणून करोडगिरीत कारकून म्हणून लागले होते. करोडगिरी म्हणजे जकातीचं खातं. लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या गाडीरस्त्यावर, ओढ्याच्या काठाला त्यांचा नाका होता. पुढे गवती छपराची लांब पडवी, मागे दप्तराची खोली, आणि त्या खोलीला दार एकच, पडवीतून. नाक्यापासून पन्नास पावलांवर आमचं दोन खोल्यांचं घर. सतरा वर्षांची होते मी. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभं राहिलं की माहेरच्या देवळाचा कळस दिसायचा. आईची आठवण आली की मी तिथं उभी राहायची.

नाक्यावर एक नाकेदार होते, ते बहुतेक वेळ जिल्ह्याच्या कचेरीतच असत. दोन पोलीस होते. आणि एक मामू. खात्याच्या कागदावर त्यांच्या हुद्द्याचं नाव ‘जवान’ असं होतं आणि वय साठीच्या घरात. ते उदगीरचे. बायको वारलेली, एकुलती एक लेक उदगिरातच दिलेली. पडवीच्या टोकाला एक बाजलं, एक सुरई, एक कंदील, एवढा त्यांचा संसार. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या दारासमोरची काटेरी झुडपं तोडून वाट केली होती. मला ते ‘बेटी’ म्हणायचे. मी त्यांच्याशी डोक्यावरचा पदर न सोडता, पण मोकळेपणानं बोलायची. सासू-सासरे रेणापुरात, आई-बाप पलीकडे, त्यामुळे वडीलधारं माणूस म्हणून तेच.

मग देश स्वतंत्र झाला, आणि आमचा झाला नाही. ओढ्यापलीकडच्या शाळेवर नवा झेंडा लागला. अलीकडे जुनाच राहिला. दोन्ही सरकारांमध्ये काहीतरी करार झाला म्हणे, ‘जैसे थे’ राहायचं म्हणून. पण जैसे थे काहीच राहिलं नाही. दिवाळीनंतर पलीकडच्या काठावर तंबू पडले, मग लाकडाचा अडसर आला, मग बंदूकवाले शिपाई आले. पूर्वी फक्त आमचा नाका होता, आता समोरासमोर दोन झाले. आमचे हे आणि समोरचा कारकून पूर्वी एकाच विहिरीवर आंघोळीला जायचे. आता एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत.

पलीकडून माल येणं हळूहळू थांबलं. आधी रॉकेल, मग सूत, मग औषधं, मग मीठ. मिठाचं कुणाला खरं वाटत नाही आता. पण दोन महिने आम्ही अळणी खाल्लं. आमटीत चिंच जास्त टाकायची आणि गप्प जेवायचं. एकदा मामू चार दिवसांच्या रजेवर उदगीरला गेले आणि परत आले ते फडक्यात मूठभर खडेमीठ बांधून घेऊन. लेकीच्या घरचं होतं.

“मामू, तुम्हाला ठेवा की,” मी म्हटलं.

“मेरे दांतां गये, मेरेकू नमक की क्या चव?” ते हसले. “तू खा बेटी. तेरे खाने के दिन हैं.”

इकडे खाकी कपड्यातले, खांद्याला बंदुका लावलेले निजामाच्या बाजूचे स्वयंसेवक गावोगाव फिरू लागले होते. कुणाच्या घरी पलीकडचा झेंडा सापडला, कुणाचा मुलगा पलीकडे पळाला, असं कानावर आलं की त्या घराची धूळधाण व्हायची. आणि पलीकडे, माझ्या माहेरच्या गावाजवळच्या आमराईत, इकडून पळून गेलेल्या पोरांचा कॅम्प होता. तिथून टोळ्या यायच्या, नाके जाळायच्या, चौक्या लुटायच्या आणि परत जायच्या. माझा मोठा भाऊ, दादा, त्या कॅम्पात होता. पलीकडचाच असून तो त्यांच्यात गेला होता. हे मला कळलं होतं, पण मी यांना सांगितलं नव्हतं. हे निजामाचे नोकर. त्यांना ठाऊक नसलेलंच बरं, असं मला वाटायचं.

चैत्र संपत आला होता. ऊन असं की पडवीचं गवत कडकड वाजायचं. एक दिवस सकाळी कासारीण आली. बाईमाणूस, डोक्यावर बांगड्यांची टोपली, म्हणून तिला दोन्ही नाक्यांवर कुणी फारसं अडवत नसे. माझ्या हातात बांगडी चढवता चढवता ती बोटं दाबून हळूच म्हणाली, “तुझ्या दादाचा निरोप हाय. येत्या शुक्रवारी दुपारी नाक्यावर ऱ्हाऊ नगंस. जावयालाबी ठेवू नगंस.”

मी हात ओढून घेतला. “काय करणार आहेत?”

“मला न्हाई ठावं. शुक्रवारी पोलीस नमाजाला जात्यात, नाका रिकामा असतो, एवढंच तो म्हनला. माणसाला हात लावायचा न्हाई म्हनून तर हा दिवस धरलाय. आन ऐक, कुणाला सांगितलंस तर तुझा भाऊ गोळीला जाईल. त्याची शपथ हाय तुला.”

ती गेली. मी तीन दिवस त्या शपथेखाली वावरले. यांना सांगितलं असतं तर? त्यांना वर कळवावं लागलं असतं, नाही तर लपवावं लागलं असतं. दोन्हींत त्यांचं मरण होतं. मामूंचा विचार माझ्या मनात आला, नाही असं नाही. पण मामू दर शुक्रवारी पोलिसांबरोबर दोन मैलांवरच्या गावात नमाजाला जायचे. कपडे धुऊन, दाढीला तेल लावून निघायचे आणि उन्हं कलल्यावर परत यायचे. त्यामुळे त्यांची मला काळजी वाटली नाही. काळजी होती ती यांना नाक्यावरून हलवायची.

शुक्रवारी सकाळी मी पोट धरून बसले. पहिल्यांदाच खोटं बोलत होते, म्हणून फार ओरडले. हे घाबरले. दोन कोसांवरच्या गावात एक चांगले वैद्य होते. यांनी गावातून गाडी मागवली, त्यात गोधडी अंथरली आणि मला उचलून आत ठेवलं. मी डोळे मिटून पडले. तेवढ्यात यांचा आवाज आला.

“मामू, आज नमाजाला नका जाऊ. नाका उघडा टाकून कसा जाऊ मी? मी येईस्तोर थांबा.”

एवढं साधं मला आधी सुचलं नव्हतं. हे गेले की नाका कुणाच्या तरी भरवशावर ठेवणार, हे मला कळायला हवं होतं.

“हौ, जाओ तुम,” मामू म्हणाले. “नमाज मैं इधरच पढ लेतूं. बेटी कू संभालो.” मग ते गाडीजवळ आले. मी डोळे उघडले. ते माझ्याकडे वाकून बघत होते. त्यांनी गाडीच्या साटीवर हात ठेवला होता. “डर नक्को. अच्छा होता.”

मला बोलायचं होतं. आजही मी तो क्षण मोजून बघते. गाडीवान बैलांना जू लावत होता, एक बैल मान झटकत होता, हे घरात पाण्याचा तांब्या आणायला गेले होते. भरपूर वेळ होता. ‘मामू, इथं थांबू नका,’ एवढे चार शब्द. पण मामू सरकारी माणूस. त्यांनी पोलिसांना सांगितलं तर? दादा टोळीत पुढे असणार. मी ओठ मिटून घेतले. मामूंना वाटलं कळ आली. त्यांनी तोंडानं चुकचुक केलं आणि गाडीवानाला म्हणाले, “आहिस्ता ले जा. रस्ता खराब है.”

वैद्यांनी नाडी बघितली, काढा दिला, उष्णतेचं आहे म्हणाले. मी काढा प्याले. यांच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती की मला त्यांच्याकडे बघवेना. परत निघालो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. अर्ध्या वाटेत गाडीवान म्हणाला, “मालक, तो धूर कशाचा?”

यांनी गाडीतून उडी मारली आणि धावत सुटले. मी गाडीतच बसून राहिले. माझ्या पोटात खरोखर गोळा उठला होता.

पडवी जळून गेली होती. दप्तराच्या खोलीच्या काळ्या भिंती उभ्या होत्या. गावातल्या माणसांनी मामूंना आमच्या दारासमोरच्या चिंचेखाली बाजल्यावर ठेवलं होतं. त्यांचे दोन्ही हात, पाठ आणि मानेची एक बाजू भाजली होती. बाजल्याखाली सहा-सात वह्या पडल्या होत्या, कडा जळलेल्या. गावकऱ्यांनी सांगितलं ते असं: वीस-पंचवीस जण आले, आत कुणी आहे का म्हणून ओरडले, उत्तर आलं नाही, त्यांनी रॉकेल ओतून पडवी पेटवली आणि ओढ्यातून निघून गेले. त्यानंतर म्हातारा काखेत वह्या घेऊन आगीतून बाहेर आला. वह्या टाकल्या आणि परत आत गेला. पुन्हा वह्या घेऊन आला. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा लोकांनी त्याला धरून ठेवलं.

हे मामूंच्या उशाशी बसले. “वह्यांपायी कशाला गेलात मामू?”

“तुम्हारी नोकरी जाती ना,” मामू म्हणाले. “दफ्तर तुम्हारे जिम्मे.”

मग त्यांनी मला बघितलं. “बेटी, पेट का दर्द?”

मी म्हटलं, “बरं आहे.”

“अच्छा हुआ तुम लोगां नहीं थे,” ते म्हणाले.

मी आत गेले आणि चुलीपाशी बसले. चूल पेटवायची होती, पाणी तापवायचं होतं. कितीतरी वेळ मला काडी ओढवेना.

खोबरेल आणि चुन्याची निवळी घुसळून आम्ही लावत होतो. यांनी लातूरला माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. भाजल्यावरचं मलम सगळं पलीकडून यायचं आणि येणं बंद होतं. दुसऱ्या दिवशी कासारीण ओढ्याकडून आली, घाबरलेली. मी तिला म्हटलं, “दादाला सांग, बार्शीहून भाजल्याचं मलम आण. स्वतः घेऊन ये.”

तिसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर मी घागर घेऊन ओढ्यात गेले. नाक्यापासून दूर, करंजाच्या झाडाखाली दादा उभा होता. वर्षभरानं मी त्याला बघत होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यानं डबी पुढं केली.

“कुणाला लागलं? जावयांना?”

“मामूंना. नाक्यावरच्या म्हाताऱ्या जवानाला.”

“आत कुणी नव्हतं,” तो म्हणाला. “आम्ही दोनदा आवाज दिला. मी स्वतः दिला.”

“ते मागच्या खोलीत नमाज पढत होते. नमाजात बोलत नाहीत.”

तो म्हणाला, “शुक्रवारी तो जातो ना? तूच मागं सांगितलं होतंस आईला, शुक्रवारी नाका ओस पडतो म्हणून. त्यावरूनच तर दिवस धरला.”

मला ते आठवत नव्हतं. संक्रांतीला आई येऊन गेली होती तेव्हा बोलता बोलता म्हटलं असेन. घरातल्या गप्पा होत्या त्या.

“तू निरोप का नाही पाठवलास की तो थांबणार आहे?” दादा म्हणाला.

“मला गाडीत बसल्यावर कळलं.”

“मग त्याला सांगायचं.”

“शपथ कुणी घातली होती?” मी म्हटलं. “आणि तू आत डोकावून का नाही बघितलंस, दादा? दोन पावलं आत. एवढंच होतं.”

तो खाली बसला आणि ओढ्यातली वाळू हातानं उकरत राहिला. मी डबी घेऊन निघाले. मागून तो म्हणाला, “वाचेल का?” मी मागे वळले नाही.

मलम लावलं. मामूंना ताप भरला होता. मधूनमधून ते लेकीचं नाव घ्यायचे, मधूनच मला लेकीच्या नावानं हाक मारायचे, मी ओ द्यायची. दुपारी मी चमच्यानं पाणी पाजत असताना ते शुद्धीवर आले. “आवाज सुन्या मैं,” ते म्हणाले. “कौन था मालूम नहीं. नमाज में था, कैसा बोलता?” जणू मीच त्यांना जाब विचारला होता. तासाभरात ते गेले.

पोलिसांनी आणि गावातल्या चार माणसांनी मिळून माती दिली. लेक दोन दिवसांनी पोचली. तिनं मला विचारलं, “आखरी वक्त कौन था पास में?” मी म्हटलं, “मी होते.” तिनं माझे दोन्ही हात धरून स्वतःच्या डोळ्यांना लावले. “उदगीर कू आना,” ती म्हणाली. “मेरा घर तेरा मायका समझ.” यांच्यासमोर, गावासमोर, मी ते हात तिच्या हातात तसेच राहू दिले.

वह्या वाचल्या म्हणून यांची नोकरी वाचली. बदली लातूरला झाली. पावसाळा सरता सरता पलीकडची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. लातुरात लोक रस्त्यावर एकमेकांना मिठ्या मारत होते. दादा झेंडा घेऊन आमच्या दारात आला, यांच्या पाया पडला, यांनी त्याला उठवून जवळ घेतलं. मीही रडले आणि ते रडणं खोटं नव्हतं. इतकी वर्षं दबून राहिलेलं काहीतरी सुटल्यासारखं झालं होतं. पण पुढच्या काही आठवड्यांत आजूबाजूला जे झालं, तेही मी दाराच्या फटीतून पाहिलं. ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं अशा, मामूंसारख्या नमाजी माणसांची दारं फुटली. आमच्या गल्लीच्या टोकाचा शिंपी सकाळी होता आणि दुपारी नव्हता. त्याची शिलाईची मशीन चिखलात उलटी पडली होती.

त्या दिवशी मी यांना सगळं सांगितलं. कासारीण, शपथ, पोटदुखी, सगळं. हे खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, “थांबा असं मी म्हणलो मामूंना. तू न्हाई.”

“पण मला माहीत होतं.”

“तुझ्या भावाचा जीव होता त्यात. मला सांगायला पायजे होतंस. मी काय केलं असतं ते मलाच ठाऊक न्हाई. पण सांगायला पायजे होतंस.”

एवढंच. पुढं आयुष्यभर ते मला त्यावरून कधी टाकून बोलले नाहीत. पण दुखतंय असं मी कधीही म्हटलं, अगदी बाळंतपणातसुद्धा, की ते क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत. ते बघणं मला कळायचं.

रस्ते सुरक्षित झाल्यावर आम्ही दोघं उदगीरला गेलो. मामूंच्या लेकीचं घर किल्ल्याच्या बाजूला, विचारत विचारत सापडलं. दाराला कुलूप नव्हतं, कडी नव्हती, आत कुणी नव्हतं. शेजारी एक कानडी बोलणारी म्हातारी राहायची. ती मोडक्या मराठीत म्हणाली, “गेले. लेकरं घेऊन गेले. बिदर म्हणले, हैदराबाद म्हणले. कोण सांगावं?” यांनी नंतर दोन्हीकडे ओळखीच्यांना पत्रं घातली. काही कळलं नाही. ती जिवंत राहिली का, हेही नाही.

करोडगिरी खातं बंद झालं, हे महसुलात गेले, आणि आमचा संसार नांदेडला हलला. चार मुलं झाली, गोदावरीकाठी घर झालं. लोकांना वाटतं भूत अंधारात येतं. मला दुपारीच येतं, भर उन्हात. शुक्रवारी दुपारी पोटात कळ उठते. किती डॉक्टर झाले, काही निघत नाही. तेव्हा मी अंथरुणावर पडते आणि कुणीतरी वाकून बघतंय असं वाटतं. मी डोळे उघडत नाही.

दादाला पुढे स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळाला. त्याला पात्र होता तो. हाल सोसले होते त्यानं, हे मी कधी नाकारलं नाही. लातुरात माझ्या लेकीकडच्या नातवाच्या शाळेत त्याला एकदा भाषणाला बोलावलं, मीही गेले. पोरं मांडी घालून बसली होती. दादानं नाका जाळल्याची हकीगत सांगितली. एका मुलीनं हात वर करून विचारलं, “आत कुणी होतं का?”

दादाची नजर मला शोधत खुर्च्यांवरून फिरली. मला वाटलं, आता म्हणेल. “नाही,” तो म्हणाला. “आत कुणी नव्हतं.” पोरांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना आम्ही रिक्षात शेजारी बसलो होतो. बाजारपेठेत रिक्षा अडकली. सगळीकडे डाळीच्या गिरण्यांची धूळ. दादा काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता.

“मुलांना काय सांगू?” तो म्हणाला.

“झालं ते.”

“जमत नाही गं. पन्नास वर्षं जमलं नाही.” मग समोर बघतच त्यानं विचारलं, “कसा दिसायचा तो? मी त्याला कधी पाहिलंच नाही.”

मी सांगायला लागले. उंच होते. चालताना डावा खांदा थोडा खाली. दाढीला मेंदी लावायचे. पायजम्याचे पाय नेहमी घोट्याच्या वर दुमडलेले, आणि एकदा साप निघाला होता तेव्हापासून खाली बघून चालायचे. हसताना तोंडावर हात घ्यायचे. सुपारी कातरताना गुणगुणायचे, पण गाणं पुरं कधी म्हटलं नाही. दादानं डोळे मिटून घेतले होते. रिक्षा पुढं सरकली तरी तो म्हणाला, “अजून सांग.” आणि मी घर येईपर्यंत सांगत राहिले.